घरचा व्यायाम, मोबाईल आणि आपलं ग्रामीण रुग्णालय

पोस्ट मोठी आहे. रात्री निवांत वाचा, पण ज्यांच्या घरात कोणी अंथरुणावर आहे किंवा नुकतंच ऑपरेशन होऊन घरी आलंय, त्यांनी वाचाच.

मागच्या आठवड्यात चाकण चौकात एक ओळखीचे काका भेटले. काकूंच्या गुडघ्याची वाटी बदलून महिना झालाय. मी विचारलं, "व्यायाम चालू आहे ना?" म्हणाले, "चालू आहे की, मोबाईलवर." मला बरं वाटलं. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढून दाखवलं. एक पिळदार शरीराचा तरुण, मागे गाणं, आणि "गुडघेदुखी सात दिवसांत गायब". काकू रोज सकाळी हा रील लावून त्याच्यासारखं करायचा प्रयत्न करतात. त्या पोराला काकूंचं ऑपरेशन झालंय हेही माहीत नाही. पाय किती वाकतो, जखम भरली का, सूज आहे का, काही नाही. मी म्हणालो, "काका, डॉक्टरांनी फिजिओकडे जायला सांगितलं असेल ना?" तर म्हणाले, "सांगितलंय, आठवड्यातनं तीनदा पुण्याला या म्हणालेत. कसं जायचं सांग तू मला."

कसं जायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. इथून पुणे चाळीस किलोमीटरच्या आसपास. पण सणसवाडी, कोरेगाव भीमा, वाघोली ओलांडताना काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. उन्नत मार्ग होईल तेव्हा होईल. आज टाके घातलेला पाय घेऊन दोन तास गाडीत बसायचं, वीस मिनिटांचा व्यायाम करायचा आणि परत दोन तास. गाडीभाडं वेगळं आणि सोबत जाणाऱ्याचा खाडा वेगळा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर माणूस जात नाही. ऑपरेशनला लाखांनी खर्च केलेला असतो, आणि पाय कायमचा अर्धवट वाकलेला राहतो तो या फेऱ्या न झाल्यामुळे.

हे मी बातमीदार म्हणून कमी आणि मुलगा म्हणून जास्त लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर आमच्या अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला. सकाळी गोठ्यात धार काढायला बसले ते उठलेच नाहीत. उजवा हात, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. १०८ आली, पुण्याला नेलं, अकरा दिवस दवाखान्यात. जीव वाचला, त्याबद्दल तिथल्या डॉक्टरांचे उपकार आहेत. पण घरी सोडताना आमच्या हातात काय दिलं? गोळ्यांची यादी आणि एक झेरॉक्स. झेरॉक्सवर इंग्रजीत दहा व्यायाम, शेजारी चित्रं. चित्रातला माणूस सोफ्यावर बसलेला, मग जिन्याचा कठडा धरून चढणारा. आमच्या घरात ना सोफा ना जिना. अण्णांना खाटेवरनं उठून मोरीपर्यंत कसं न्यायचं, हा आमचा प्रश्न होता आणि तो त्या कागदावर नव्हता. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, इंग्रजी वाचता येतं, तरी मला त्यातलं निम्मं कळलं नाही. आईचं काय होणार.

लोक भेटायला येत होते आणि प्रत्येकाकडे उपाय होता. कोणी पारव्याचं रक्त चोळा म्हणालं, कोणी अमक्या गावात नेऊन झाडपाल्याचं औषध पाजा. सांगणाऱ्यांचा राग नाही मला. दवाखान्याचं दार बंद झालं की माणूस जे दार उघडं दिसेल तिकडे जातो.

मग इथल्याच एक फिजिओ मॅडम घरी येऊ लागल्या. एका भेटीचे पाचशे रुपये. पहिल्या महिन्यात सव्वीस भेटी झाल्या, तेरा हजार. औषधं वेगळी. दुसऱ्या महिन्यात मी त्यांना सरळ सांगितलं की मॅडम, आता झेपत नाही. बंद करणार होतो. त्या म्हणाल्या, "बंद करू नका. मी आठवड्यातनं एकदा येते, बाकीचे दिवस व्हिडिओ कॉलवर बघते. त्याचे थोडेच घेईन." मला खरं सांगायचं तर ती समजूत काढण्यासारखी गोष्ट वाटली. मोबाईलवर काय होणार?

तिसऱ्या की चौथ्या दिवशीची गोष्ट. मोबाईल गोडेतेलाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. मी आणि आई अण्णांना खाटेवरनं उठवत होतो, रोज उठवायचो तसंच. मी उजव्या बाजूला, त्यांचा लुळा हात धरून, काखेत हात घालून वर ओढत होतो. तेवढ्यात मोबाईलमधनं मॅडम ओरडल्या, "थांबा, थांबा! आधी तो हात सोडा."

अण्णांचा उजवा खांदा पंधरा दिवसांपासून ठणकत होता. आम्ही समजत होतो गारठ्यानं दुखतोय. आई रात्री शेक देत होती. खरं कारण आम्हीच होतो. झटका आल्यावर खांद्याचं हाड जागेवर धरून ठेवणारे स्नायू सैल पडतात, हात नुसत्या वजनानंसुद्धा खाली लोंबतो, आणि तशा हाताला धरून ओढलं की सांधा निसटतो. ज्या हातानं आम्ही त्यांना आधार देत होतो तोच हात आम्ही निकामी करत होतो. मॅडम समोर असायच्या तेव्हा त्याच अण्णांना उठवायच्या, म्हणून त्यांना आमची पद्धत कधी दिसलीच नव्हती. मोबाईलवर दिसली. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की कमरेला पट्टा बांधा आणि पट्ट्याला धरून उठवा. आईनं जुन्या लुगड्याची तिपेडी घडी करून पट्टा केला. लुळ्या हाताखाली उशी ठेवायला शिकलो. तीन आठवड्यांत दुखणं उतरलं.

मोबाईलला सगळं जमत नाही, हेही त्याच घरात बघितलं. स्नायू किती ताठलाय हे हात लावल्याशिवाय कळत नाही. पहिल्यांदा उभं करताना, पहिली पावलं टाकताना मॅडम स्वतः हजर होत्या, तिथे त्यांनी कॉलवर भागवलं नाही. एकदा अण्णांचा चेहरा बघून त्यांनी आधी बीपी मोजायला लावलं. वाढलेलं निघालं. त्या दिवशी व्यायाम बंद, सरळ डॉक्टरकडे पाठवलं. रीलमधला पोरगा हे करणार नाही.

एक गोष्ट मला फार आवडली. त्यांनी अण्णांना विचारलं, "आबा, तुम्हाला काय करायचंय?" अण्णा अडखळत म्हणाले, "गोठा." खाटेपासून गोठा एकोणपन्नास पावलं, मी मोजलीत. मग सगळा व्यायाम त्या एकोणपन्नास पावलांसाठी. मधला उंबरा कसा ओलांडायचा, उतारावर काठी कुठल्या हातात धरायची, गाईजवळ उभं राहताना कशाला टेकायचं. पाचव्या महिन्यात ते गोठ्यात जाऊन उभे राहिले. धार काढत नाहीत. उजवा हात अजून पूर्ण उचलत नाही. चहाचा कप डाव्या हातानं धरतात.

आता जरा आमच्या घराबाहेर येतो.

मी नंतर यावर वाचायला लागलो. भारतात एक मोठा अभ्यास झाला, नाव 'अटेंड'. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. देशातली १४ रुग्णालयं, झटका आलेले १२५० रुग्ण. कल्पना अशी की फिजिओ कमी आहेत, तर घरच्या माणसालाच दवाखान्यात शिकवायचं आणि पुढचे दोन महिने त्यानं घरी व्यायाम करून घ्यायचे. ऐकायला उत्तम. निकाल काय? सहा महिन्यांनी दोन्ही गटांत सारखंच चित्र. ज्यांच्या घरच्यांना शिकवलं त्यांच्यातले ४७ टक्के आणि ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्यांच्यातलेही ४७ टक्के रुग्ण एकतर दगावले होते किंवा दुसऱ्यावर अवलंबून होते. हे वाचलं तेव्हा मला धक्का बसला, आणि थोडं हलकंही वाटलं. म्हणजे आम्हीच कमी पडलो असं नाही.

दुसऱ्या बाजूला २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेनं झटक्यानंतर फोन-व्हिडिओवरून होणाऱ्या उपचारांच्या २२ चाचण्या एकत्र तपासल्या, १९३७ रुग्ण. समोरासमोरच्या उपचाराइतकाच उपयोग होत असावा, असा त्यांचा कल आहे. पुरावा अजून फार भक्कम नाही, असंही त्यांनीच म्हटलंय. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका चाचणीचा निकाल आला. गुडघा बदललेले ३०० हून थोडे जास्त रुग्ण, घरी पडद्यावर व्यायाम आणि मागे लक्ष ठेवायला खराखुरा फिजिओ. गुडघ्याची सुधारणा नेहमीच्या उपचाराइतकीच, खर्च कमी. हे परदेशातले आकडे आहेत, त्यांचं घर वेगळं, रस्ते वेगळे, मान्य.

हे सगळं शेजारी शेजारी ठेवलं की माझं मत असं होतं. मोबाईलमध्ये व्यायामाचे व्हिडिओ भरून दिले तर तो आमच्या झेरॉक्सचाच भाऊ. त्याच मोबाईलच्या पलीकडे आपला रुग्ण ओळखणारा, "हात सोडा" म्हणून ओरडणारा माणूस असेल तर चाळीस किलोमीटर वाचतात. आणि आपल्याकडे जे कोणी डिजिटल आरोग्याच्या घोषणा करतात ते बहुतेक पहिल्या प्रकाराचं बोलत असतात. ॲप काढलं, उद्घाटन झालं, डाऊनलोड किती ते सांगितलं. ॲप वाईट नाही. मोबाईल नडगीला बांधला तर आतल्या सेन्सरवरून गुडघा किती अंश वाकतो हेसुद्धा मोजता येतं, आणि रोजचा आकडा बघून रुग्णाला हुरूप येतो. पण आज ७० अंश आला आणि काल ८० होता, याचा अर्थ काय हे कोण सांगणार?

आपल्या शिरूर तालुक्यात हा विषय फक्त म्हाताऱ्या माणसांचा नाही. रांजणगाव, सणसवाडी, पलीकडे चाकण. प्रेस मशीनवर बोटं जातात. 'सेफ इन इंडिया' ही संस्था वाहन उद्योगातल्या अशा अपघातांवर २०१९ पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढतेय, त्यात महाराष्ट्रही आलाय. ते वाचल्यावर आपण रोज ज्या कंपन्यांच्या बसेस बघतो त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला होतं. हाताचं ऑपरेशन झालं की खरी लढाई पुढच्या काही आठवड्यांत असते. बोटं वेळेवर हलवली नाहीत तर आखडतात, आणि आखडलेल्या बोटांना पुन्हा मशीनवर कोणी घेत नाही. ईएसआय लागू असेल तर घरी बसलेल्या काळात पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत भत्ता मिळतो. पण तो पोरगा इथे खोलीवर एकटा पडून काय करणार? प्लॅस्टर घेऊन गावी जातो. लातूर, बीड, नाहीतर बिहार. ज्या फिजिओनं त्याला एकदा बघितलंय त्याच्याशी नातं तिथेच तुटतं. मला वाटतं मोबाईलचा सगळ्यात मोठा उपयोग या पोरांना आहे. खिशात मोबाईल आहे, नेट आहे, वय तरुण आहे, शिकायची तयारी आहे. रोज दहा मिनिटं कॅमेऱ्यासमोर मूठ उघड-मीट करून दाखवायची, एवढंच. कंपन्यांचा सीएसआर शाळेच्या कमानीला रंग देण्यात जातो, त्यातला थोडा इकडे यायला काय हरकत आहे?

आणि झटक्याचं म्हणाल तर तो शहरी श्रीमंतांचा आजार उरलेला नाही. गडचिरोलीतल्या ८६ गावांमधल्या मृत्यूंचा अभ्यास 'सर्च' संस्थेच्या डॉक्टरांनी केला, २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथल्या खेड्यांत मृत्यूचं पहिलं कारण झटका निघालं, दर सात मृत्यूंमागे एक. गडचिरोलीत ही गत, तर बीपी-शुगरनं भरलेल्या आपल्या पट्ट्यात काय असेल? आणि जे वाचतात ते खाटेवर असतात. ते कोणाच्या मोर्चात नसतात, मतदानालाही त्यांना उचलून आणावं लागतं.

आता मला माहीत आहे, खाली कमेंटमध्ये काय येणार. "दादा, पाबळ-केंदूरकडे रेंज नसते." खरं आहे. पण मॅडमचे निम्मे कॉल आम्हीही तुटक्या रेंजवर केलेत. जमलं नाही तर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून रात्री पाठवायचो, त्या सकाळी आवाजात निरोप पाठवायच्या. दुसरी अडचण त्यापेक्षा मोठी आहे आणि ती कोणी बोलत नाही. घरात मोबाईल कोणाच्या हातात असतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५४ टक्के बायकांनीच स्वतः वापरता येईल असा मोबाईल असल्याचं सांगितलं, आणि खेड्यात त्याहून कमी. व्यायाम करून घेणारी मात्र बायको किंवा सून. नवरा कामावर गेला की मोबाईल त्याच्याबरोबर गेला. आमच्याकडे मी आईला वेगळा मोबाईल घेऊन दिला तेव्हा कुठे नियम लागला. आणि तिची पाठ? अण्णांना उचलून उचलून चौथ्या महिन्यात ती स्वतः कंबर धरून बसली. घरच्या घरी उपचार म्हटलं की घरातल्या बाईच्या डोक्यावर आणखी एक नोकरी टाकली, हे आधी कबूल करूया.

तेच आशाताईंचं. कोणतीही योजना आली की "आशा करतील". २०२३ आणि २०२४ मध्ये त्यांना मानधनासाठी संपावर जावं लागलं, विसरू नका. त्यांनी घरोघरी जाऊन कॉल लावून द्यावा असं वाटत असेल तर त्याचे पैसे आधी ठरवा.

बायामाणसांचे व्यायाम करतानाचे व्हिडिओ कुणाच्याही व्हॉट्सॲपवर पडता कामा नयेत, हेही बघावं लागेल. आणि पलीकडचा माणूस नोंदणीकृत फिजिओ आहे ना, हे विचारायची सवय आपल्याला लागली पाहिजे. महाराष्ट्रात त्यासाठी वेगळी परिषद आहे, नोंदणी क्रमांक मागितला तर कोणी रागवायचं कारण नाही.

सरकारकडे कागदावर बरंच आहे. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे आणि त्यात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांकडे घरी जाण्याची तरतूद आहे. उपकेंद्रांचं नाव आता आयुष्मान आरोग्य मंदिर आहे, तिथे वृद्धांची सेवा अपेक्षित आहे. ई-संजीवनी लॉकडाऊनपासून सगळ्यांना माहीत झाली. उपकेंद्रातून डॉक्टरला व्हिडिओ कॉल लावता येतो, यंत्रणा तयार आहे. त्याच पडद्यावर ठरलेल्या वारी फिजिओ बसला तर? नवीन ॲप नको, नवीन इमारत नको.

आणि पैसे. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आपल्या भागातल्या ग्रामपंचायती गरीब नाहीत, कारखान्यांचा कर येतो. या पाच टक्क्यांचं आपण काय करतो? वर्षातून एकदा खात्यावर रक्कम किंवा कुबड्या-सायकली वाटप, हार, फोटो. तो फोटो मीच काढलाय अनेकदा आणि बातमीही मीच लावलीये. लाभार्थ्याला त्या सायकलवरून उठून उभं राहता आलं असतं का, हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. तो माझा दोष.

म्हणून मी एक अर्ज लिहिलाय. मागण्या चारच आहेत. शिक्रापूरच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून किमान दोन दिवस फिजिओ असावा. त्यानं प्रत्येक रुग्णाला आधी एकदा स्वतःच्या हातानं तपासावं आणि मगच कॉल सुरू करावेत. दवाखान्यातून घरी सोडताना मराठीत, आपल्या घरातल्या खाट-मोरी-उंबऱ्यासकट सूचना मिळाव्यात आणि करून घेणाऱ्या माणसाला अर्धा तास शिकवावं. आणि फिजिओचं मानधन, गरज असेल तिथे मोबाईलचं रिचार्ज, दिव्यांग निधीतून किंवा कंपन्यांच्या सीएसआरमधून द्यावं.

पहिले तीन महिने महत्त्वाचे असतात. शरीर सगळ्यात जास्त परत मिळवतं ते त्याच काळात, नंतर वेग कमी होत जातो. आपल्याकडे मंजुरीला तेवढे तीन महिने सहज लागतात, म्हणून घाई करतोय.

अर्ज येत्या ग्रामसभेत मांडणार आहे. सरपंच, सदस्य, सगळ्या पक्षांची मंडळी या पोस्टवर आहेत, मला कोणावर टीका करायची नाही, फक्त त्या दिवशी हजर रहा. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी इथे कमेंटमध्ये नाव-आजार लिहू नका, मला मेसेज करा. गाव, वाडी आणि किती महिने झाले एवढंच कळवा, आकडा हातात असला की ग्रामसभेत बोलता येतं. आज सकाळपर्यंत माझ्याकडे अशी अकरा घरं झाली आहेत. चाकण चौकातल्या काकांचं त्यात पहिलं नाव आहे. काकूंना उद्या मॅडम बघायला जाणार आहेत, रील तोपर्यंत बंद ठेवायला सांगितलंय.